जेट विमानाचा टेक्निशियन नेमकं काय करतो? ग्वाल्हेरच्या एका मुलीला उत्तर

प्रश्न असा आहे. ग्वाल्हेरच्या नया बाजारात राहणारी, यंदा बारावीला असलेली एक मुलगी विचारते: "काका, जेट विमानं दुरुस्त करणारी माणसं दिवसभर करतात काय? बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, मी तिथे बसते. पंपाची मोटर आवाजावरून ओळखते, बेअरिंग स्वतः बदलते. हात चांगला आहे, एवढ्यावर भागेल का? हवाई दल बरं की सिव्हिल?"

मी हवाई दलात इंजिनांच्या ट्रेडमध्ये, म्हणजे इंजिनांच्या कामाच्या शाखेत होतो आणि नोकरीचा बराच काळ इथेच महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर गेला. निवृत्तीनंतर सिव्हिलचं लायसन्स काढून इंदूरला प्रवासी विमानांवर लाइन मेंटेनन्सचं, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या तपासणी-दुरुस्तीचं काम केलं. त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

तुझा हात चांगला आहे याचा मला खरंच आनंद झाला. दुकानात बसणाऱ्या मुलांना नट किती घट्ट झाला ते मनगटात कळतं, आणि ते शिकवून येत नाही. पण विमानाच्या कामात हाताचा नंबर दुसरा लागतो. पहिला नंबर एका सवयीचा: कागदावर लिहिलं आहे तेच, तसंच करायचं, आणि जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याच्याच पुढे सही करायची. ऐकायला हे बाबूगिरीसारखं वाटेल. खाली जे सांगतो ते वाचल्यावर वाटणार नाही.

आधी इंजिनाबद्दल थोडं. जेट इंजिन पुढून हवा घेतं, कॉम्प्रेसर ती हवा दाबतो, दहनकक्षात तिच्यात इंधन जळतं, तो तापलेला वायू टर्बाइन फिरवतो आणि मागून बाहेर पडतो. टर्बाइन ज्या शाफ्टवर बसलेलं असतं तोच शाफ्ट पुढचा कॉम्प्रेसर फिरवतो. हवाई दलाच्या मिराज २००० या लढाऊ विमानाचं एम-५३ इंजिन एकाच शाफ्टचं आहे. तू इंदूरला जी प्रवासी विमानं पाहतेस त्यांच्या इंजिनांत एकात एक असे दोन शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरतात. टर्बाइनच्या पहिल्या रांगेत येणारा वायू १५०० अंश सेल्सिअसच्याही वर असतो आणि पात्यांचा निकेलचा मिश्रधातू त्याच्या आधीच वितळायला लागतो. तरी पातं टिकतं, कारण ते आतून पोकळ असतं, कॉम्प्रेसरमधली तुलनेने थंड हवा त्यातून खेळवलेली असते, ती बारीक भोकांतून बाहेर येऊन पात्यावर पातळ थर धरते, आणि वर सिरॅमिकचा लेप असतो. एखादं भोक धुळीने बुजलं की तेवढी जागा जळायला लागते. आपल्याकडे मे महिन्यात लू सुटते तेव्हा हवेतून जी बारीक माती इंजिनात जाते ती म्हणूनच महागात पडते.

आता दिवसभराचं काम. खरं म्हणजे रात्रभराचं, कारण प्रवासी विमान दिवसा उडतं आणि निवांत सापडतं ते रात्री. विमान येऊन थांबतं, इंजिनं बंद होतात, इशाऱ्याचा लाल दिवा, बीकन, विझतो. तोवर जवळ जायचं नाही. बोइंग ७३७ चं इंजिन नुसतं आयडलवर, म्हणजे कमीत कमी गतीवर असलं तरी त्याच्यापुढे साधारण तीन मीटरच्या आत आलेला माणूस ओढला जाऊ शकतो. आपल्या देशातही माणसं अशी गेली आहेत. मग विमानाभोवती एक फेरी. ही फेरी नेहमी एकाच दिशेने, एकाच क्रमाने घ्यायची, म्हणजे मध्ये कोणी हाक मारली तरी आपण कुठे थांबलो होतो ते कळतं. फॅनच्या पात्यांना खोच पडली आहे का, टायर कापला आहे का, ब्रेकची झीज दाखवणारी पिन किती उरली आहे, कुठे काही ठिबकतं आहे का, पक्षी धडकल्याची खूण आहे का. टायरमध्ये नायट्रोजन असतो आणि दाब साधारण २०० पीएसआय, म्हणजे गाडीच्या टायरच्या सहापट. तापलेल्या ब्रेकच्या चाकाच्या बाजूला, आसाच्या रेषेत, उभं राहायचं नसतं, पुढून किंवा मागून जायचं असतं.

तेल बघायचं कामही वाटतं तितकं साधं नाही. इंजिन बंद झाल्यावर किती वेळाने आणि किती वेळाच्या आत तेलाची पातळी बघायची हे इंजिनाच्या प्रकाराप्रमाणे ठरलेलं असतं. फार उशीर केला तर टाकीतलं तेल हळूहळू गिअरबॉक्सकडे उतरतं, पातळी खोटी कमी दिसते, आणि माणूस लागत नसताना तेल ओततो. शिवाय किती ओतलं यापेक्षा किती तासांच्या उड्डाणात किती लागलं हा हिशेब महत्त्वाचा. रोज थोडं थोडं जास्त लागत असेल तर आत एखादं सील जात असतं. एका रात्रीचा आकडा काहीच सांगत नाही, महिनाभराची नोंद सांगते. म्हणून ज्याने तेल ओतलं पण लिहिलं नाही, त्याने पुढच्या माणसाची वाटच बंद केली.

पायलटने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत काही दोष लिहिला असेल तर ती झाली स्नॅग. विमानाच्या प्रत्येक यंत्रणेला जगभर एकच क्रमांक आहे: चोवीस म्हणजे वीज, एकोणतीस हायड्रॉलिक, बत्तीस लँडिंग गिअर, बहात्तर इंजिन. इंदूरचा माणूस "बत्तीसमध्ये स्नॅग आहे" म्हणाला की फ्रान्समध्ये, एअरबसच्या टूलूझमधल्या माणसालाही तेच कळतं. मग मॅन्युअलच्या त्या क्रमांकाच्या प्रकरणातलं फॉल्ट आयसोलेशन, म्हणजे दोष शोधायच्या पायऱ्या, उघडायच्या आणि एक एक पायरी करत जायचं. काही दोष असे असतात की ते घेऊन ठरावीक दिवस उडता येतं. ती यादी छापलेली असते, तीत असेल तर अटी पाळून विमान सोडायचं, नसेल तर ते जागचं हलत नाही. इथे आपल्या अंदाजाला जागा नाही.

हवाई दलात कामाची पद्धत वेगळी, पण जात तीच. तिथे ट्रेड वाटलेले असतात: कोणी इंजिनाचा, कोणी सांगाड्याचा, कोणी विजेचा, कोणी शस्त्रांचा. उड्डाणापूर्वीची तपासणी, दोन उड्डाणांमधली आणि दिवस संपल्यावरची, अशा तीन वेळा विमान हातातून जातं आणि प्रत्येक ट्रेडची सही विमानाच्या नोंदींच्या कागदात, फॉर्म ७०० मध्ये होते. पायलट तो फॉर्म वाचून सही करतो, मग शिडी चढतो. मिराज १९८५ मध्ये आपल्याकडे आलं, १९९९ ला कारगिलमध्ये आणि २०१९ ला बालाकोटला गेलं, हे तुला ठाऊक असेलच. त्या रात्रींबद्दल लोक पायलटांची नावं घेतात आणि घ्यावीतच. पण त्या प्रत्येक विमानाच्या फॉर्मवर खालच्या ओळींत किती जणांच्या सह्या होत्या, ते मला आठवल्याशिवाय राहत नाही. विमानाच्या आतलं मी इथे फार लिहिणार नाही, ते लिहायचं नसतं.

ग्वाल्हेरचं हवामान तुला सांगायला नको. मे महिन्यात हवेतच ४५ अंश, तर उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या पत्र्याला उघडा हात लावता येत नाही. हातमोजे घातले की बारीक नट बोटांत येत नाही, काढले की चटका बसतो. अशा वेळी घाई होते आणि घाईत नट सुटून खाली पडतो. पडला की काम थांबतं. तो नट मिळेपर्यंत विमान उडत नाही, भले त्यासाठी पॅनेल उघडावी लागोत. हत्यारांचंही तसंच. प्रत्येक पान्याची फळीवर आपापल्या आकाराची जागा रंगवलेली असते, कामाआधी मोजायचे, कामानंतर मोजायचे. रिकामी जागा दिसली की सगळे शोधायला लागतात आणि त्यात कोणाचा मान-अपमान नसतो. सकाळी उड्डाणं सुरू होण्याआधी सगळे जण खांद्याला खांदा लावून टारमॅकवरून, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरशीवरून चालतात आणि खडा, तार, स्क्रू जे दिसेल ते उचलतात. २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड हे प्रवासी विमान पडलं, ११३ माणसं गेली. सुरुवात झाली होती ती धावपट्टीवर दुसऱ्या विमानातून पडलेल्या धातूच्या एका पट्टीपासून. लांबी साधारण ४३ सेंटिमीटर. एवढी पट्टी तुमच्या दुकानात रोज झाडूने निघत असेल.

तुला एक काम जवळून दाखवतो, बोरोस्कोप तपासणी. इंजिन न उघडता आत बघायचं असतं तेव्हा बाहेरच्या आवरणावरचा छोटा प्लग काढून त्यातून लवचीक नळी आत सोडतात. नळीच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा. इंजिन पूर्ण थंड झालेलं हवं, नाहीतर हजारो डॉलरची नळी जळते. एक जण गिअरबॉक्सवरचं कव्हर काढून तिथे रॅचेट पाना लावतो आणि आतला रोटर हळूहळू फिरवतो. दुसरा पडद्याकडे डोळे लावून बसतो. पडद्यावर एक एक पातं येतं आणि जातं. पहिलं पातं कोणतं धरलं ते आधी ठरवायचं, मग मोजत जायचं, कारण मोजणी पूर्ण झाली नाही तर सगळी पाती पाहिली याला पुरावा नाही. काय दिसतं? कुठे लेपाचा टवका उडालेला, कुठे टोक किंचित जळून गोल झालेलं, कुठे मागच्या कडेला केसाएवढी रेघ. ती रेघ काजळीची आहे की भेग आहे, हे ओळखण्यात खरी कसोटी. कॅमेरा थोडा वळवून, प्रकाश कमी-जास्त करून बघायचं. काजळीची कड धूसर असते, प्रकाशाबरोबर तिचं रूप बदलतं. भेग बदलत नाही. मग पडद्यावरच तिची लांबी मोजायची आणि मॅन्युअल उघडायचं. इतक्या लांबीपर्यंत चालेल. इतकी असेल तर चालेल पण अमुक उड्डाणांनंतर पुन्हा बघा. त्यापुढे इंजिन उतरवा.

पहाटे तीनच्या सुमारास साठाव्या-सत्तराव्या पात्याला डोळे जड होतात, रॅचेटवाला सहकारी नकळत वेग वाढवतो. अशा वेळी "थांब, दोन पाती मागे घे" असं म्हणता आलं पाहिजे, तो वयाने मोठा असला तरी. हे शब्द ज्याच्या तोंडून सहज निघतात त्याच्याबरोबर मला रात्रपाळी आवडायची. अशी माणसं फार मिळत नाहीत.

दुसरं काम लॉकवायरचं. विमानाचं सगळं अंग थरथरत असतं, बोल्ट सैल होऊ पाहतो. म्हणून बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून स्टीलची तार ओवून ती शेजारच्या बोल्टला बांधतात. तार अशा बाजूने गेली पाहिजे की बोल्ट सुटायला लागला तर तार त्याला उलट आवळेल. दिशा चुकली तर ती नुसती शोभेची. नेहमीची तार ०.०३२ इंचाची, तिला इंचाला सहा ते आठ पीळ हवेत. कमी पीळ म्हणजे ढिली, जास्त म्हणजे तार तिथेच ताणून ठिसूळ झाली. पक्कडीचा दात लागून तारेवर ओरखडा उठला तरी ती कापून नवी घ्यायची. शेवटचं टोक आत मुडपायचं, नाहीतर पुढच्या माणसाचं बोट फाटतं. शिकाऊ मुलांना भोकं पाडलेल्या बोल्टांची एक पाटी देतात आणि महिनाभर हेच करायला लावतात. मुलं कंटाळतात. पण उस्ताद पाटीकडे लांबून बघून सांगतो की कोणाला पुढे घ्यायचं.

टॉर्क रेंचबद्दल, म्हणजे नट ठरलेल्या जोराइतकाच आवळणाऱ्या पान्याबद्दल, तुला थोडं जास्त सांगतो, कारण मनगटाचा भरवसा इथेच सोडावा लागतो. कितीचा टॉर्क ते मॅन्युअलमध्ये असतं, पण त्याच ओळीत आटे कोरडे हवेत की तेल लावलेले, हेही असतं. तेल लावलेल्या आट्यांवर कोरड्याचा आकडा वापरला तर रेंच तेवढ्यालाच क्लिक होतो, पण बोल्ट आत कितीतरी जास्त ताणला जातो. सेल्फ लॉकिंग नट असेल तर तो नुसता फिरवायला जो जोर लागतो तो वेगळा मोजून आकड्यात मिळवावा लागतो. रेंचवर कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकतेच्या तपासणीची, मुदतीची तारीख चिकटवलेली असते. ती काल संपली असेल तर रेंच कितीही चांगला असो, तो आज चालत नाही. आणि टॉर्क रेंचने नट सोडवायचा नसतो, हे दुकानातल्या मुलांना पहिल्या दिवशी सांगावं लागतं.

आता सहीचं. ५ मे १९८३ ला अमेरिकेत ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं एल-१०११ विमान मायामीहून नसाऊला निघालं, आत १७२ माणसं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते. चिप डिटेक्टर म्हणजे तेलाच्या वाटेवर बसवलेला चुंबकाचा प्लग. आत बेअरिंग किंवा गिअर झिजायला लागला की लोखंडाचा कीस त्याला चिकटतो आणि आपल्याला आधी कळतं. तो प्लग बसवताना त्यावर रबराची ओ-रिंग लागते, तेल गळू नये म्हणून. एरवी त्या माणसांना ओ-रिंग चढवलेलेच प्लग मिळायचे. त्या रात्री नेहमीच्या कपाटात प्लग नव्हते, स्टोअरमधून आणले, आणि त्यांवर ओ-रिंगा नव्हत्या. अंधारात, हाताच्या अंदाजाने, तिन्ही इंजिनांत ते तसेच बसले. कामाच्या कार्डावर "नव्या ओ-रिंगसह बसवले" असं छापलेलं होतं आणि त्यापुढे सही झाली.

हवेत गेल्यावर तिन्ही इंजिनांचं तेल गळून गेलं. मधल्या इंजिनाचा तेलाचा दाब आधी पडला म्हणून पायलटने ते बंद केलं आणि विमान मायामीकडे वळवलं. मग उरलेली दोन्ही बंद पडली. समुद्रावर काही मिनिटं विमान एकाही इंजिनाशिवाय खाली येत होतं. शेवटी आधी बंद केलेलं मधलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्या एकावर विमान उतरलं. सगळे वाचले.

यातला एकही माणूस अडाणी नव्हता आणि कोणाचाही हात वाईट नव्हता. त्यांनी ते काम अनेकदा केलेलं होतं, म्हणूनच ते ओ-रिंग बघायला थांबले नाहीत. आज बऱ्याच ठिकाणी नियम आहे की एकच काम दोन्ही इंजिनांवर एकाच माणसाने एकाच वेळी करायचं नाही. एकाचं गृहीत धरणं दोन्ही इंजिनांत जाऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. हा नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो.

तुझ्या प्रश्नाला धरून आणखी एक घटना सांगतो. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या एका बीएसी वन-इलेव्हनची कॉकपिटची काच साधारण १७ हजार फुटांवर उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचला. काच थोड्याच वेळापूर्वी बदललेली होती. नव्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास सुमारे पाव इंचाच्याही दहाव्या भागाएवढा, ०.०२६ इंच कमी होता. बदलणारा माणूस अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट हातात घेऊन, कमी उजेडात, डोळ्यांनी आणि बोटांनी जुळवून नवे बोल्ट निवडले होते. पार्ट्स कॅटलॉगमध्ये नंबर बघायला काही मिनिटं लागली असती.

तू पंपाची मोटर आवाजावरून ओळखतेस ना, ती नजर आणि तो कान घेऊन ये, त्यांचा उपयोग होतो. दोष कुठे असेल हे सुचवायला कान फार कामाचा. पण सुचलेलं तपासायचं मॅन्युअलप्रमाणे आणि भाग घ्यायचा नंबर बघून. आपल्या ग्वाल्हेर-इंदूरकडे जुगाड जमणाऱ्या माणसाचं फार कौतुक होतं. शेतातल्या पंपाला ते योग्यच आहे, पीक वाळत असतं. विमानात जुगाड करणाऱ्याला मी माझ्या टीममध्ये कधीच ठेवलं नाही, कितीही हुशार असला तरी.

माणूस का चुकतो याचाही आता अभ्यासक्रम आहे. कॅनडाच्या गॉर्डन ड्यूपाँटने १९९३ मध्ये बारा कारणांची एक यादी केली, तिला सगळीकडे 'डर्टी डझन' म्हणतात: थकवा, घाईचा दबाव, लक्ष विचलित होणं, "सगळे असंच करतात" ही सवय, ठाम बोलता न येणं वगैरे. आपल्याकडे शेवटचं फार जड जातं. मोठ्यांना उलटून बोलायचं नाही असं आपण घरातच शिकतो. डिसेंबरात इंदूर-ग्वाल्हेरला धुकं पडतं, विमानं रखडतात, प्रवासी ओरडत असतात, विमान कंपनीचा विमानतळावरचा माणूस तिसऱ्यांदा येऊन विचारतो, "सर, किती वेळ?" तेव्हा आवाज न चढवता "काम झालं की सांगतो" एवढंच म्हणायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. हेही कौशल्यच आहे आणि सवयीने येतं. तुझ्यासारख्या मुलीला सुरुवातीला थोडं जास्त ठाम राहावं लागेल, हे लपवत नाही. हँगरमध्ये आता मुली आहेत, हवाई दलात अग्निवीर म्हणूनही घेतात, पण "तू राहू दे, मी करतो" म्हणणारे अजून भेटतात. काम तुझ्या नावावर असेल तर ते तूच करायचं.

शरीराची काळजी: कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही. ऐकू येणं गेलं की परत येत नाही. प्रवासी विमानांतलं जांभळं हायड्रॉलिक तेल कातडी आणि डोळे जाळतं. ३००० पीएसआयच्या पाइपला सुईएवढं भोक पडलं असेल तर गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. तेवढा बारीक फवारा कातडीत घुसतो आणि बोट कापायची वेळ येते.

आता वाट कोणती. सिव्हिलमध्ये विमान सोडायची सही करायला डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं लायसन्स लागतं. जेट विमानांच्या इंजिन आणि सांगाड्यासाठी बी१.१, वीज-इलेक्ट्रॉनिक्ससाठी बी२. गणित, भौतिकशास्त्रापासून गॅस टर्बाइन, कायदे, मानवी चुका अशा वेगवेगळ्या मॉड्यूलच्या परीक्षा असतात आणि प्रत्येकात ७५ टक्के लागतात. मान्यताप्राप्त संस्थेतला कोर्स केला तर चालू विमानांवर दोन वर्षांचा अनुभव पुरतो, काहीच प्रशिक्षण नसेल तर पाच वर्षं. त्यानंतर ज्या विमानावर काम करायचं त्या प्रकारच्या विमानाची वेगळी मंजुरी, टाइप रेटिंग. लायसन्स नसलेला टेक्निशियनही हाताने सगळं काम करतो, पण विमान सोडायची सही दुसऱ्याची असते. संस्था निवडताना आधी डीजीसीएच्या मंजूर यादीत तिचं नाव आणि कोणत्या वर्गासाठी मंजुरी आहे ते बघ. मग विचार की प्रत्यक्ष काम कोणत्या हँगरमध्ये, किती महिने मिळणार. उत्तर गोलमाल असेल तर बाबांचे पैसे तिथे भरू नकोस. जाहिरातीतल्या विमानाच्या फोटोवर जाऊन पस्तावलेली घरं मी इंदूरला पाहिली आहेत.

हवाई दलात आता प्रवेश अग्निवीरवायू म्हणून. गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी घेऊन बारावी, एकूण ५० टक्के आणि इंग्रजीतही ५०. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे घेतात. शिस्त आणि सह्यांची सवय तिथे जशी लागते तशी बाहेर लागायला वेळ जातो, पण चार वर्षांनंतर पुढे काय याचा विचार आत जातानाच करायचा. नुसतं विमानांच्या जवळ राहायचं असेल तर वडोदरा आहे. तिथे टाटांच्या कारखान्यात हवाई दलासाठी सी-२९५ ही मालवाहू विमानं जुळवतात. ५६ पैकी १६ विमानं स्पेनहून तयार आली, ४० वडोदऱ्याला बनायची आहेत. कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ ला झालं. ते जुळणीचं काम, दुरुस्तीपेक्षा वेगळं, रिवेट आणि वायरिंगचा हात लागतो, आणि तुझा वायरिंगचा हात तयार आहे. मोठ्या दुरुस्तीचं काम बघायचं तर नागपूरला मिहान, लढाऊ विमानांसाठी नाशिकजवळ ओझर.

माझं मत विचारशील तर: घरची ऐपत असेल आणि चांगली संस्था मिळाली तर थेट सिव्हिलला जा. ऐपत नसेल तर कर्ज काढू नका, हवाई दलाची परीक्षा दे.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. मॅन्युअलमधलं इंग्रजी मुद्दाम सोपं ठेवलेलं असतं, शब्द मोजके, वाक्यं छोटी, एका वाक्यात एकच काम. तेवढं इंग्रजी सहा महिन्यांत येतं. त्याउलट बारावीचं भौतिकशास्त्र कच्चं राहिलं तर पुढे प्रत्येक मॉड्यूलला अडशील, म्हणून या वर्षी जोर तिथे लाव.

आणि दुकानात आतापासून एवढं कर. येणाऱ्या प्रत्येक मोटरसाठी एक पान: काय तक्रार होती, उघडल्यावर काय दिसलं, वाइंडिंगचा रोध किती भरला, कोणत्या नंबरचं बेअरिंग काढलं आणि कोणत्या नंबरचं बसवलं, शेवटी तारीख आणि तुझी सही. बेअरिंग जुन्याशी जुळवून घेऊ नकोस, त्यावरचा नंबर वाचून घे. बाबा म्हणतील, कशाला एवढं. तीन-चार महिन्यांनी एखादी मोटर परत येईल तेव्हा ते पान काढून त्यांना दाखव. पानं साठली की मला पाठव, मी वाचून काय राहून गेलं ते लिहून कळवीन.